आई-बाबांना सारसबागेत कधी न्यावं? (रविवारच मोकळा आहे)

वारजे_विनू
मंडळी, सल्ला हवाय. आई-बाबा जळगावहून आठ दिवस राहायला येतायत. बाबा शाळकरी वयात एकदा पुण्याला आले होते, तेव्हा पाहिलेला तळ्यातला गणपती आणि शेजारच्या पेशवे पार्कातला वाघ त्यांच्या डोक्यातून जात नाही. आईचे गुडघे दुखतात, सोबत पाच वर्षांची लेक. आम्ही दोघं धरून पाच जण. मला सुट्टी फक्त रविवारी. वारज्याहून जाऊन-येऊन, खाण्यासकट ५०० रुपयांत बसवायचंय. महिनाअखेर आहे, हसू नका. सकाळी जावं की संध्याकाळी?

नाना_पर्वती
रविवारी जाऊच नका. मी तीस वर्षं रोज पहाटे पर्वती चढतो, उतरून सारसबागेत एक फेरी मारतो, म्हणून सांगतोय. मंगळवार आणि चतुर्थी सोडून कुठल्याही दिवशी सकाळी सहाला जा. दर्शन दोन मिनिटांत. रविवारी संध्याकाळी हिरवळीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि हल्लीची पोरं सतरंजी पसरून रील काढत बसतात.

मोगरा७५
सारसबाग कशाला? एम्प्रेस गार्डनला न्या. रेसकोर्सजवळ, ३९ एकर, जुनी झाडं अशी की वर बघताना मान दुखते. महिनाभर थांबलात तर जानेवारीत पुष्पप्रदर्शनही मिळेल. आम्ही गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांना दिवसभराची गाडी करून नेलं, जेवण बाहेरच. अडीच हजारांत सगळं आटोपलं. फार नाही हो.

वारजे_विनू
ताई, ५०० म्हटलंय मी. आणि बाबांना गणपतीच बघायचाय.

गल्लीतला_गाईड
बाबांना आत शिरण्याआधी इतिहास सांगा, मजा येते. पर्वतीच्या पायथ्याचं हे तळं आणि मधलं गणपतीचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं. तळ्यात सारस पक्षी, म्हणून सारसबाग.

सनावळी_सांभाळा
अर्धं बरोबर. तळं नानासाहेबांचं. गणपती बसवला सवाई माधवरावांनी, १७८४ साली. नानासाहेब १७६१ मध्ये पानिपतानंतर पर्वतीवरच वारले, ते तेवीस वर्षांनी देऊळ बांधायला कसे येतील?

गल्लीतला_गाईड
तळं ज्याचं, देऊळ त्याचंच म्हणायचं. होडीची गोष्ट तरी खरी ना? पेशवे खलबतं करायला तळ्यात होडीतून फिरायचे आणि वल्ही मारायला हबशी ठेवायचे, कारण त्यांना मराठी कळत नसे.

सनावळी_सांभाळा
सांगतात तसं. ऐकायला छान आहे, पण मी पैज लावणार नाही.

कात्रज_दूध
वाघ बघायचा तर पेशवे पार्कात काय मिळणार? तिथली सगळी जनावरं २००५ पर्यंतच कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात हलवली. तिकडे न्या. फक्त बुधवारी जाऊ नका. आम्ही नागपूरच्या पाहुण्यांना घेऊन बुधवारीच गेलो, गेटला कुलूप. पाहुणे अजून दर फोनला "वाघ कसाय?" विचारतात.

चिऊची_आई
लेक पाच वर्षांची आहे ना, मग पेशवे पार्कातली फुलराणी चुकवू नका. १९५६ पासूनची छोटी आगगाडी. माझी आई त्यात बसली, मी बसले, आता चिऊ. दुरुस्तीसाठी बंद असते मधूनमधून, तेव्हा पोरीला आधी कबूल करू नका. आमच्याकडे त्यावरून दोन तास भोकाड चाललं होतं.
आणि डिसेंबर आहे म्हणजे गणपतीला स्वेटर-कानटोपी घातलेली असेल. तेवढ्यासाठी तरी जाच.

मेट्रोमय
पाच जण एका रिक्षात बसणार नाहीत, तीनच घेतात. म्हणजे दोन रिक्षा, बजेट तिथेच संपलं. वनाजला मेट्रो धरा, सिव्हिल कोर्टला बदला, स्वारगेटला उतरा. तिथून पंधरा मिनिटं चालत. मी रोज जातो, एसीत, घामाचा टिपूस नाही.

नाना_पर्वती
गुडघेदुखीच्या बाईला पंधरा मिनिटं चालवता? शिवाय सिव्हिल कोर्टचं स्टेशन जमिनीखाली किती खोल आहे बघितलंय का?

मेट्रोमय
लिफ्ट असते, नाना.

चप्पलग्रस्त
देवळाबाहेर नवी कोरी सँडल ठेवू नका. माझी दुसऱ्याच फेरीला गेली. त्याच्या जागी कुणाची तरी डाव्या पायाची स्लिपर होती, एकच. मी ती घालून दांडेकर पुलापर्यंत लंगडत गेलो. काकूंसाठी घडीचं स्टूल घ्या, खाली हिरवळीवर बसल्या तर उठवायला दोघं लागतील. हे मात्र अनुभवाने सांगतोय, माझी आई आहे तशी.

सुट्टीचा_शहाणा
वरचं सगळं वाचलं नाही, पण पहाटे जा. गर्दी नसते.

वारजे_विनू
जाऊन आलो. रविवारी, संध्याकाळी सहाला.

सकाळी न्यायचंच ठरवलं होतं. बाबा म्हणाले, "रिकामी बाग बघायला पुण्याला कशाला येऊ? आमची केळीची बाग रिकामीच असते. मला माणसं बघायचीत." विषय संपला.

दोन रिक्षांना जाताना २८० गेले, येताना बस. स्टूल नेलं, चप्पलग्रस्त यांना साष्टांग नमस्कार. आई फाटकापासून थोडं आत, फुगेवाल्याच्या बाजूला बसली आणि तासाभरात तिने धुळ्याची एक आणि भुसावळची एक अशा दोन बायका शोधून काढल्या. गर्दी नाना म्हणतात तशीच, खरंच. गणपती स्वेटरमध्ये होता, कानटोपीसकट. बाबा आठ दिवस मफलर घालायला तयार नाहीत, म्हणून आई म्हणाली, "बघा, देवालासुद्धा कळतं." बाबा म्हणाले, "त्याला पुजारी घालतो. मला नको कुणी घालायला."

फुलराणीला उशीर झाला, ते पोरीला अजून सांगितलेलं नाही. एकूण ७६० झाले.

नाना_पर्वती
म्हटलं होतं सकाळी जा. असो. पावभाजी कुठल्या गाडीवर खाल्ली?

वारजे_विनू
नाही खाल्ली. आईने डब्यात भरीत आणि पुऱ्या आणल्या होत्या. धुळ्याच्या बाईंनी अर्धं संपवलं.

मोगरा७५
भरताला वांगी जळगावचीच का? कुठली ती? एम्प्रेसचं पुढच्या वेळी नक्की बघा.