मदत हवी आहे: भंगजीर बियांपासून लावलं, पण नाशकात चार बोटांच्या रोपालाच तुरे येतायत

नमस्कार मंडळी,

मी गंगापूर रोडला राहते. गच्चीवर वीस-बावीस कुंड्या आहेत, त्यात गवती चहा, पुदिना, पानओवा, कढीपत्ता असं सगळं आहे. बियांपासून रोपं करायची जुनी सवय आहे, त्यामुळे सहसा अडत नाही. या वेळी अडलंय, आणि बी थोडंच उरलंय.

आमची सूनबाई गढवालची, पौडीकडची. तिच्या माहेरी घरामागच्या शेतात दरवर्षी भंगजीर असायचं. आता तिचे आईवडील गाव सोडून डेहराडूनला मुलाकडे राहायला गेले. निघताना तिच्या आईने शेवटच्या पिकातलं मूठभर बी पुडीत बांधून दिलं, ते नोव्हेंबरात इकडे आलं. हे बी टिकाऊ नाही. साध्या हवेत वर्षभरातच त्याची उगवण झपाट्याने घटते. येत्या पावसाळ्यात चार रोपं तयार होऊन त्यांचं बी हाती आलं नाही, तर हे वाण आमच्याकडून गेलंच म्हणायचं.

ज्यांनी भंगजीर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: हे तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं, तसंच चौकोनी खोड. पेरिला म्हणतात ते हेच. नावात भंग आहे, पण भांगेशी काही संबंध नाही (पहाडात भांगेच्या बियांचीही चटणी करतात, ती वेगळी). बी मोहरीएवढं, राखाडी-तपकिरी. ते कोरडं भाजायचं, मग लसूण, मिरची, मीठ घालून वाटायचं, वरून लिंबू. मंडुव्याच्या म्हणजे आपल्या नाचणीच्या भाकरीबरोबर खातात. आपल्या कारळ्याच्या चटणीची आठवण येते, पण भाजताना घरभर जो वास सुटतो तो मी आधी कधी घेतला नव्हता. पान रुंद, कडेला करवतीसारखे दाते. चुरगळलं की आधी पुदिना वाटतो आणि मागून जिऱ्यासारखं काहीतरी येतं. कोरियात अशी पानं कच्ची, भात-मांसाभोवती गुंडाळून खातात. जपानमधलं शिसो हे याच झाडाचा दुसरा प्रकार.

आता काय काय झालं ते सांगते.

डिसेंबरात कोथिंबिरीसारखं अर्धा इंच खोल पेरलं. चाळीसेक बिया वाया गेल्या, एकही उगवली नाही. नंतर कळलं की या बीला रुजायला उजेड लागतो. जानेवारीच्या मध्यावर पुन्हा तीस बिया घेतल्या, रात्रभर भिजवल्या, ओल्या कोकोपीटवर नुसत्या ठेवून बोटाने दाबल्या. माती वर घातलीच नाही. रात्री गारठा होता म्हणून ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. बाराव्या दिवसापर्यंत सतरा रोपं मोजली. सूनबाई रोज सकाळी चहाआधी ट्रेशी जाऊन उभी राहायची.

फेब्रुवारीअखेर रोपं चार बोटं उंच झाली. सहा-आठ पानं असतील, आणि शेंड्याला तुळशीसारखी मंजिरी! शेंडे खुडून पाहिले, तर बगलेतून पुन्हा तुरेच आले. पानं रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी झालीच नाहीत. सगळ्या रोपांचं मिळून जेमतेम चिमूटभर बी निघालं, तेही पोचट.

कारण समजलंय. हे लहान दिवसाचं झाड आहे, दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की फुलायला लागतं. आपल्याकडे त्या दिवसांत अकरा-साडेअकरा तासांचाच उजेड, म्हणजे बिचारं उगवल्या उगवल्या फुलावर आलं. पौडीला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस चौदा तासांचा, नाशिकला सव्वातेरा. हा पाऊण तास मला सतावतोय. त्या वाणाला आपला जूनसुद्धा लहानच वाटला तर?

तरी एक आशा आहे. उत्तर थायलंडमध्ये चियांग माईच्या बाजूला भंगजीर पावसाळी पीक म्हणून घेतात, आणि ते गाव विषुववृत्ताला आपल्यापेक्षाही थोडं जवळ आहे. म्हणजे आपल्या अक्षांशावर हे येतच नाही असं नाही. फक्त तिथलं वाण तिथे रुळलेलं आहे, आमचं पहाडी.

तर विचारायचं आहे ते असं. मेअखेर शेडनेटखाली पेरू की मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबू? लवकर पेरलं तर मोठे दिवस जास्त मिळतील, पण मेमधलं ऊन कोवळ्या रोपांना सोसेल का? दुसरं, शेवंतीवाले शेतकरी फूल लांबवायला रात्री शेतात दिवे लावतात, तसा गच्चीत एक बल्ब लावून कुणी पाहिलंय का, किती वेळ लावावा लागतो? आणि महाराष्ट्रात कुणी या झाडाचं बी धरलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. उरलेलं बी, दोनेक चमचे, कागदी पुडीत घालून काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. माझे दीर दिंडोरीला असतात, ते म्हणाले बांधावर टाकून देऊ, आपोआप वाढेल. मी नाही म्हटलं. या झाडातल्या एका द्रव्याने गाईगुरांच्या फुप्फुसांना इजा होते, जनावरं दगावतातही. बांधावर गुरं चरतात. कुणी लावणार असाल तर कुंडीत किंवा कुंपणाच्या आतच लावा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली भर

ज्यांनी ज्यांनी उत्तरं दिली त्या सगळ्यांचे मनापासून आभार. कुणीतरी लिहिलं होतं की दिवस लांबवण्यापेक्षा मोठी रात्र मध्येच उजेडाने तोडणं सोपं. तसंच केलं. २५ मेला पन्नास बिया पेरल्या, निम्म्या उगवल्या. दुपारी दुहेरी शेडनेट, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. तरी पहिल्या आठवड्यात पाच रोपं उन्हाने गेली, तेव्हा फार वाईट वाटलं. बाकीची दोन भागांत ठेवली. अर्धी साध्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बखाली, टायमर लावून रात्री अकरा ते दोन. अर्धी जिन्याच्या पलीकडे, जिथे तो उजेड पोचत नाही.

बल्बखालची रोपं आता हातभर झालीत, पानं तळहाताएवढी, तुऱ्याचा मागमूस नाही. पलीकडची वीतभर आहेत आणि त्यातल्या तिघांच्या शेंड्याशी पानं दाटायला लागलीत, तुरा येण्याआधी जानेवारीत पेरलेल्या रोपांचंही असंच झालं होतं. काल बल्बखालची सहा पानं काढून बेसनात बुडवून भजी केली, पानओव्याची करतो तशी. सूनबाईने पहिलं भजं तोंडात घातलं आणि लगेच आईला फोन लावला.

आता पुढचं अडलंय. बी धरायचं तर बल्ब कधीतरी बंद करावाच लागेल. लवकर केला तर ऐन पावसात फुलं येतील आणि तुरे कुजतील. उशीर केला तर बी पिकेपर्यंत डिसेंबरची थंडी येईल, आणि आमच्या गच्चीवर ती चांगलीच झोंबते. माझ्या डोक्यात गणपती उठल्यावर बंद करायचं आहे. तुळस किंवा सब्ज्याचं बी धरणाऱ्यांनी सांगा, मंजिरी आल्यापासून बी पक्कं व्हायला तुमच्याकडे किती दिवस लागतात? पिकलेलं बी तुऱ्यातून लगेच गळतं असं सूनबाईची आई म्हणते. मग तुऱ्यांवर मलमलीच्या पिशव्या आधीच बांधाव्या का, की पावसाळी हवेत त्या आतून बुरशी धरतील?