सेरेब्रल पाल्सी: दम लागेल असा व्यायाम आणि मुलाचं लक्ष, स्मरण. प्रमाण किती, मोजायचं कसं?

वर्ग_तिसरी (विशेष शिक्षक)

वेळापत्रकात आठवड्याला ३ तासिका शारीरिक हालचालींसाठी मिळाल्या आहेत, प्रत्येकी ४० मिनिटांच्या. त्या नुसत्या स्ट्रेचिंगमध्ये न घालवता एरोबिक व्यायामाला द्यायच्या आणि त्याचा लक्ष व कार्यकारी क्षमतांवर (स्वतःला आवरणं, सूचना धरून ठेवणं, नियम बदलला की जुळवून घेणं) काही फरक पडतो का ते पाहायचं, असा बेत आहे. दोन मुलं डोळ्यांसमोर आहेत, दोघांना सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) आहे.

मुलगा ९ वर्षांचा. स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः दोन्ही पाय आखडलेले), जीएमएफसीएस (हालचालींच्या क्षमतेची १ ते ५ श्रेणी, ५ म्हणजे सर्वांत जास्त बाधित) पातळी २, दोन्ही पायांना एएफओ (घोट्याला आणि पावलाला आधार देणारे साचे). समज वयाप्रमाणे आहे, पण तीन सूचना एकदम दिल्या की तिसरी गळते, आणि उत्तर सुचलं की हात वर करायच्या आधीच तोंडातून बाहेर पडतं. फिटचं औषध चालू आहे, वर्षभरात फिट आलेली नाही.

मुलगी १२ वर्षांची, पातळी ४. व्हीलचेअर वापरते, धडाला आधार लागतो, बोलणं अस्पष्ट.

किती वेळ आणि किती जोरात? मनगटी घड्याळावरचे ठोके धरून चालावं का? आणि फरक पडला हे छातीठोकपणे कधी म्हणता येईल?

बालफिजिओ

आधी प्रमाण, कारण बहुतेक कार्यक्रम तिथेच फसतात. सेरेब्रल पाल्सीसाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्यायाम-शिफारशी अशा आहेत: सुरुवात आठवड्याला १-२ सत्रांनी, हळूहळू ३ पर्यंत. प्रत्येक सत्रात निदान २० मिनिटं खरा व्यायाम. ३ सत्रं असतील तर सलग ८ आठवडे, २ असतील तर १६ आठवडे, हा किमान कालावधी. जोर: कमाल हार्ट रेटच्या ६० टक्क्यांच्या वर, किंवा हार्ट रेट रिझर्व्हच्या (कमाल आणि विश्रांतीतले ठोके यांतला फरक) ४० टक्क्यांच्या वर. ४० मिनिटांच्या तासिकेतली ५-७ मिनिटं वॉर्मअप आणि तेवढीच शेवटी थंडावण्यासाठी काढली, एएफओ-बूट चढवण्या-उतरवण्याचा वेळ धरला, तर २० मिनिटं जेमतेम हातात राहतात. बूट आधीच चढवून ठेवा.

वरचे दोन निकष सारखे वाटतात, पण नाहीत. मुलाचे विश्रांतीतले ठोके ९० आणि कमाल १९५ धरा. कमालच्या ६० टक्के म्हणजे ११७. रिझर्व्हच्या पद्धतीने १९५ वजा ९० म्हणजे १०५, त्याचे ४० टक्के ४२, त्यात ९० मिळवले की १३२. या मुलांचे बसल्या जागीच ठोके जास्त असू शकतात, त्यामुळे ११७ हा आकडा नुसतं उभं राहून, थोडं चालूनही गाठला जातो. तो व्यायाम नव्हे. मी नेहमी रिझर्व्ह वापरायला सांगेन: ४० टक्के (१३२) हा तळ, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ६० टक्क्यांच्या (१५३) आसपास.

कमाल आकडा २२० वजा वय या सूत्राने काढू नका. या मुलांना ते लागू पडत नाही, हे २०११ मध्येच दाखवून झालं आहे. प्रत्यक्ष मोजायचं तर १० मीटरची शटल रन चाचणी घ्या. पातळी १ साठी ती ताशी ५ किलोमीटरने आणि पातळी २ साठी ताशी २ किलोमीटरने सुरू होते, दर मिनिटाला वेग ०.२५ ने वाढतो. बीपच्या आधी रेषा गाठणं लागोपाठ दोनदा चुकलं की थांबवायचं. शेवटचे ठोके म्हणजे त्या मुलाची कमाल. चाचणी घेणं जमणारच नसेल तर १९५ धरून चाला.

घड्याळाबद्दल: मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर हँडल घट्ट धरल्यावर चुकतो, आणि स्पास्टिक हातात तर फारच. छातीचा पट्टा घ्या, त्याचे इलेक्ट्रोड ओले करा. मूल बारीक असेल तर पट्टा सैल बसून घसरतो, तो मागून कपड्याला पिन करा. पट्टा सहन होत नसेल तर कमी बाधित हाताच्या कोपराखाली सेन्सर बांधा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधीचा आहे (सेरेब्रल पाल्सीत साधारण तिघांतल्या एकाचा खुबा सरकलेला असतो), हृदयाचा काही दोष आहे का, फिट आली तर काय करायचं, आणि औषधं कोणती. औषधांचा प्रश्न घामापर्यंत जातो: टोपिरामेट (फिटवरचं), ट्रायहेक्सिफेनिडिल (स्नायूंचे पीळ कमी करणारं) आणि लाळ कमी करणारं ग्लायकोपायरोलेट यांनी घाम कमी येतो, मूल लवकर तापतं. क्लोनिडिन ठोके खाली ठेवतं, म्हणजे वरचं सगळं गणित बिघडतं. फिट नियंत्रणात असणाऱ्या मुलाने दम लागेल असा व्यायाम करायला साधारणपणे हरकत नसते. पोहताना मात्र फक्त त्याच्याचवर नजर ठेवणारा माणूस हवा.

न्यूरोसायको

पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे पातळ, हे पालकांशी बोलण्याआधी स्वतःशी पक्कं करून घ्या. सेरेब्रल पाल्सी नसलेल्या मुलांत चित्र बरंच स्पष्ट आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिटकिड्स चाचणीत ७ ते ९ वर्षांची २२१ मुलं होती. शाळा सुटल्यावर ९ महिने व्यायाम केलेल्या गटात स्वतःला आवरण्याची आणि एका नियमावरून दुसऱ्यावर जाण्याची क्षमता जास्त वाढली, आणि ज्यांची हजेरी जास्त त्यांच्यात फरकही जास्त. सेरेब्रल पाल्सीत आकलन हाच मुख्य निकष ठेवून केलेले अभ्यास छोटे आहेत. २०१७ च्या कॉक्रेन (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात २९ चाचण्या, ९२६ सहभागी होते, पण तो आढावा हालचाल, सहभाग आणि जीवनमान यांच्याभोवती फिरतो.

म्हणून पालकांना सांगताना 'बुद्धी वाढेल' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. अपेक्षा ठेवायची ती लक्ष टिकणं, उतावळेपणा आवरणं आणि कदाचित सूचना धरून ठेवणं यांत, तीही माफक. गणिताचे गुण हा निकष नकोच. तिथे शिकवणं, दृष्टी, हाताचा वेग असं बरंच काही मिसळतं.

आता मोजमाप. सर्वांत मोठी चूक म्हणजे बटण दाबण्याच्या वेळेवर आधारलेली चाचणी वापरणं. तिथे तुम्ही मेंदूचा नाही, हाताचा वेग मोजता. व्यायामाने हात थोडा सैलावला तरी 'लक्ष सुधारलं' असा निकाल दिसेल. बाणांची फ्लँकर चाचणी (आजूबाजूच्या बाणांकडे दुर्लक्ष करून मधल्या बाणाची दिशा सांगणं) घ्यायची तर अचूकता मोजा, किंवा मुलाने तोंडाने 'डावा-उजवा' सांगावं आणि तुम्ही नोंदवावं. स्मरणासाठी उलटे आकडे: ४-७-२ ऐकून २-७-४ म्हणणं. ठोकळ्यांची कॉर्सी चाचणीही (दाखवलेल्या क्रमाने ठोकळ्यांना हात लावणं) चालेल, पण दृष्टी आणि जागेची जाण कमकुवत असेल तर ती दुसरंच काही मोजते. अकाली जन्म आणि डायप्लेजिया असेल तर हे आधी तपासा. सोबत ब्रीफ (रोजच्या वागण्यातल्या कार्यकारी क्षमतांची) प्रश्नावली पालकांकडून आणि शिक्षकांकडून वेगवेगळी भरून घ्या.

चाचण्या सुरुवातीआधी तीनदा घ्या, आठवड्याच्या अंतराने. पहिल्या दोनदा मूल खेळ शिकतं, गुण त्यानेच वाढतात. तिसऱ्या वेळचा आकडा हा पाया. वेळ तीच, खोली तीच, घेणारी व्यक्ती तीच. एकाच सत्रानंतरही थोडा वेळ लक्ष सुधारू शकतं, म्हणून दीर्घ परिणाम तपासायचा असेल तर चाचणी व्यायामाच्या दिवशी घेऊच नका. उलट हा तात्पुरता फायदा वापरायचाय तर तासिका वाचनाच्या किंवा गणिताच्या आधी टाका, मध्ये १०-१५ मिनिटं पाणी पिऊन शांत बसायला ठेवा. माझ्या मते शाळेसाठी हाच भाग जास्त कामाचा आहे, आणि वेळापत्रक करणाऱ्यांना पटवायला सोपाही.

आठ आठवड्यांच्या नोंदीत रात्रीची झोप, औषधातले बदल आणि फिट हे तीन रकाने हवेतच. फेनोबार्बिटल किंवा टोपिरामेटचा डोस बदलला तर लक्ष देण्यात पडणारा फरक व्यायामाच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

तीनचाकी

पातळी २ ला पळायला लावण्यापेक्षा तीनचाकी सायकल किंवा स्थिर सायकल द्या. जुळवणी अशी: पेडल सगळ्यांत खाली असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सीट उंच झाली की कंबर डावी-उजवी हलते, टाच उचलली जाते, पोटरी आखडते आणि पाय थरथरायला लागतो. त्याला थकवा समजून सत्र थांबवलं जातं, खरं तर सीट दोन बोटं खाली घ्यायची असते. पेडलला मागे टाचेचा कप आणि वरून पट्टा हवा, नुसता पंजाचा पट्टा पुरत नाही, टाच निसटते. गुडघे आत येऊन एकमेकांना घासत असतील तर पेडलवर पोटरीला आधार देणारी पट्टी लावतात. अवरोध (पेडलचा जडपणा) शून्यावर ठेवून मिनिटाला ४० फेऱ्यांच्या आसपास सुरुवात. आधी फेऱ्या वाढवा, मग अवरोध.

सत्र संपल्यावर एएफओ काढून कातडी बघा. लाली २० मिनिटांत गेली नाही तर पुढचं सत्र ऑर्थोटिस्टने (एएफओ बनवणारा तज्ज्ञ) एएफओ बघितल्यावरच.

वर्ग_तिसरी (विशेष शिक्षक)

मुलाला स्थिर सायकलवर बसवून पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला पाय दुखतात म्हणून थांबतो, ठोके १२० च्या पुढे जात नाहीत. दुसरं, एक सहकारी म्हणतात की आकलनासाठी व्यायाम तर मग चालताना पाढे, रंग ओळखणं असं जोडून द्यावं, दुहेरी फायदा होईल. पटतं का?

बालफिजिओ

हृदयाच्या आधी पायाचे स्नायू दमतात, यात नवल नाही. दोन विरोधी स्नायू एकाच वेळी आखडतात, प्रत्येक फेरीला जास्त शक्ती खर्च होते. सलग चालवणं सोडा, टप्पे करा: ३० सेकंद जोरात, ६० सेकंद अगदी हलकं, असे ८ टप्पे म्हणजे १२ मिनिटं. दर आठवड्याला २ टप्पे वाढवा, १४ झाले की २१ मिनिटं होतात. मग जोराचा भाग ४५ सेकंदांवर न्या. जोराच्या भागात १४०-१५० दिसले आणि हलक्या भागात १२५ च्या खाली गेले नाहीत तर तुम्ही योग्य जागी आहात. हलक्या भागात पेडल थांबवू द्यायचं नाही, थांबलं की ठोके पडतात आणि पाय आखडतो. शिवाय आठवड्यातून दोन दिवस पायांची ताकद वाढवणारे व्यायाम वेगळे ठेवा, एरवी ही अडचण तशीच राहील.

दुखणं स्नायूत आहे की सांध्यात, हे बोटाने दाखवायला सांगा. जांघेत किंवा गुडघ्याच्या आत दाखवलं तर सायकल बंद, तपासणी आधी.

न्यूरोसायको

चालताना पाढे नकोत. आपल्यासाठी चालणं आपोआप होतं, या मुलाचं बरंचसं लक्ष पाऊल टाकण्यातच खर्च होत असतं. त्यावर पाढे टाकले की दोन गोष्टी होतात: वेग कमी होऊन ठोके उतरतात, आणि पाय अडखळतो. म्हणजे एरोबिक प्रमाणही गेलं आणि पडण्याचा धोका आला. बसून चालवायच्या सायकलवर तोल सांभाळायचा नसतो, तिथे खेळ जोडता येतो. लाल कार्ड दिसलं की हलकं, हिरवं दिसलं की जोरात. दोन आठवड्यांनी नियम उलटा करा. यात आवर घालणं आणि नियम बदलणं दोन्ही आलं, आणि टप्पे तर तुम्हाला तसेही हवेच आहेत. फक्त चाचणीसाठी हेच कार्ड वापरू नका, नाहीतर सरावालाच सुधारणा म्हणाल.

फ्रेमरनिंग_प्रशिक्षक

मुलीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पातळी ४ ला तीन पर्याय: छातीला आधार देणारी तीनचाकी धावफ्रेम (पेडल नसतं, पायाने जमिनीला रेटायचं), हाताने फिरवायचं पेडल, किंवा कोमट पाण्यात धरून हालचाल. स्टँडिंग फ्रेममध्ये उभं राहणं हाडांना आणि आखडलेल्या स्नायूंना दिलं जातं, त्याला एरोबिक धरू नका.

धावफ्रेममध्ये छातीचा आधार बरगड्यांच्या खालच्या भागावर दाबत असेल तर श्वास अडतो आणि ती लवकर सोडून देते. आधार छातीच्या मध्यहाडावर यावा, वजन खोगिरावर. हाताचं पेडल खांद्याच्या किंचित खाली ठेवा. मूठ राहत नसेल तर पकडीचे हातमोजे वापरा, पण ते एका ओढीत सुटले पाहिजेत.

तिच्यात ठोक्यांचा आकडा फसवतो. दचकणं, वेदना, डिस्टोनियाचा (स्नायू आपोआप पिळवटणं) झटका यांनीही १५० दिसतात. आकडा चढला आणि फेऱ्या वाढल्या नाहीत, तर तो व्यायाम नाही, तिला काहीतरी त्रास होतोय. 'बोलता येतंय का' ही नेहमीची कसोटी इथे निकामी. त्याऐवजी किती दम लागला ते दाखवायला चेहऱ्यांच्या चित्रांची ० ते १० पट्टी तिच्या संवाद-फलकावरच लावा, आणि 'थांबा' व 'पाणी' ही दोन चित्रं हाताच्या किंवा नजरेच्या टप्प्यात. पाणी मागता न येणारं, लाळेतून पाणी गमावणारं मूल लवकर कोरडं पडतं. द्रव घट्ट करून देत असाल तर तेच सोबत ठेवा. खाल्ल्यानंतर तासभर तरी सत्र नको, पोटातलं अन्न वर येण्याचा (रिफ्लक्स) त्रास असेल तर दीड तास.

सुरुवात २ मिनिटांचे ३ टप्पे, मध्ये पूर्ण विश्रांती. २० मिनिटांपर्यंत पोचायला तिला मुलाच्या दुप्पट आठवडे लागले तरी चालतील, मात्र आकलनाच्या चाचण्यांची दुसरी फेरी तोवर घेऊ नका. तिच्या चाचण्यांत उत्तर नजरेने द्यायची सोय हवी, आणि वेळेची मर्यादा काढून टाका.