सेमी-ऑटो एअर रायफल : नेम सुधारतो की नुसत्या गोळ्या उडतात?

हापूसवाला (देवगड)

माझा भाचा टेक्ससला असतो. त्याने नवी सेमी-ऑटोमॅटिक एअर रायफल घेतलीय (दर चापाला एक गोळी, पुढची आपोआप चढते), ५.५ मिमी नळीची, खारी आणि सशांच्या शिकारीसाठी. (तिकडे चालतं, इथे नाही. कुणीतरी हा मुद्दा काढणारच म्हणून आधीच सांगून ठेवतो.) व्हिडिओ पाठवला. पाच डबे मांडलेत, चाप ओढला की डबा पडतोय, ओढला की पडतोय. घरातली पोरं खूश. मी म्हटलं, डब्यांच्या जागी कागद लाव आणि अंतर दुप्पट कर. त्यावर अजून उत्तर नाही.

माझं मत सरळ आहे. नेम हवा असेल तर एकेक छर्रा हाताने भरायची रायफल घ्यावी. सेमी-ऑटो ही करमणूक.

आधी हवेचं बघा. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, रायफलीच्या टाकीत २०० बार किंवा त्याहून जास्त दाबाची हवा असते आणि दर गोळीला तिचा छोटासा वाटा सुटतो. बऱ्याच सेमी-ऑटोंत त्या वाट्यातलीच थोडी हवा यंत्रणा मागे ढकलून पुढची गोळी चढवायला खर्च होते. हा खर्च दर वेळी सारखा झाला नाही की वेग खालीवर. मग छर्रा. शिसं मऊ, मध्ये कंबर बारीक, मागचा घेर अगदी पातळ. यंत्राने ढकलताना त्याची कड जराशी दबली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. हाताने भरताना अंगठ्याला कळतं, हा सैल गेला, हा अडला. अडलेला मी बाजूला काढतो.

ऑलिंपिक बघा ना. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं ते एकेक छर्रा भरूनच. त्या निशाण्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. फटाफट गोळ्यांनी नेम येत असता तर तिथे आधी दिसला असता.

टेक्ससचो झील

मामा, उत्तर आलं नाही कारण इकडे मध्यरात्र होती!

बिंद्राचं उदाहरण इथे लागूच होत नाही. १० मीटरच्या स्पर्धेत एका वेळी एकच छर्रा भरायचा असा नियमच आहे. नियमाला पुरावा म्हणून काय दाखवतोस?

तू हाताने छर्रा भरतोस तेव्हा काय होतं ते आठव. गाल दस्त्यावरून उठतो, खांदा हलतो, डोळा दुर्बिणीतून निघतो. पुन्हा बसतोस तेव्हा गाल मघाशी होता तिथेच टेकला हे कशावरून? माझ्या रायफलीत मी जसा बसलोय तसाच राहतो. शिकारीत याला फार मोल आहे. पहिली गोळी जरा चुकली आणि सशाचं नुसतं हाडच मोडलं, तर दुसरी लगेच सुटली पाहिजे. तू अंगठ्याने छर्रा चाचपत बसशील तोवर तो बिळात जाऊन तडफडत मरेल.

आणि छर्ऱ्याचं म्हणशील तर मी डोळे मिटून भरत नाही. एकाच कंपनीचा, एकाच वजनाचा छर्रा, पण डोक्याचं माप ५.५१, ५.५२, ५.५३ असं वेगवेगळं येतं. माझ्या नळीला ५.५२ मानवतो. बाकीच्या दोघांनी कागदावर रांगोळी घातली. बंदूक सेमी-ऑटो असो नाहीतर तुझी एकेक छर्ऱ्याची, हे सगळ्यांनाच करावं लागतं. नेम ठरतो तो नळी आणि छर्रा यांचं जमतं की नाही यावर.

रेंजवरची (रत्नागिरी)

मामा-भाचे दोघेही अर्धंच सांगताय.

भाऊ, तुमच्या रायफलीत रेग्युलेटर असणार. टाकीत २०० बार असो की १६०, व्हॉल्व्हमागच्या छोट्या कप्प्यात तो ठरलेलाच दाब देतो, समजा १३० बार. म्हणून गोळ्यांचा वेग सारखा राहतो. पण गोळी सुटली की तो कप्पा पुन्हा भरायला थोडा वेळ लागतो. तुम्ही लागोपाठ चाप ओढलात तर दुसरी-तिसरी गोळी अर्धवट भरलेल्या कप्प्यातून जाते आणि हळू जाते. डब्याला कळत नाही, कागदाला कळतं. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर १० मीटर अंतरावर गोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली लागेल. ४५ मीटरवर तोच फरक सेंटीमीटरच्या वर जातो. सशाचं डोकं केवढं असतं?

उलटही होतं. काही रेग्युलेटर रात्रभरात हळूहळू दाब चढवतात. सकाळची पहिली गोळी सगळ्यांत वेगात आणि सगळ्यांत वर. शिकारीत पहिलीच तर महत्त्वाची. म्हणून पहिल्या गोळीचा कागद वेगळा ठेवायचा, बाकीच्यांत मिसळायचा नाही.

मामांनी सांगितलेला हवेचा वाटा खरा आहे, पण चांगल्या बनावटीत तो मोजून-मापून काढलेला असतो. माझ्या मते सेमी-ऑटोची खरी अडचण यंत्रात नाही, बोटात आहे. पुढची गोळी सुटायची तर आधी चाप सोडावा लागतो, त्यामुळे बोटाला गोळी सुटल्या सुटल्या उघडायची सवय लागते. आम्ही मुलांना पहिल्या महिन्यात हेच शिकवतो, की चाप ओढला की तसाच धरा, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) कुठे गेली ते बघा, मग सोडा. एअर रायफलीची गोळी बंदुकीच्या गोळीपेक्षा हळू असते, नळीतून बाहेर पडायला तिला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात बोट उघडलं, खांदा सैल पडला की गोळी तिकडेच गेली. सेमी-ऑटोवर शिकलेला पोरगा नंतर सुधारताना नाकी नऊ येतात.

गाववालो (वेंगुर्ला)

ह्यां सगळां ऱ्हवांदे बाजूक. माका इतक्याच सांगा, ह्या बंदुकीन वांदर पळतत काय? काल सकाळी आख्खो कळप इलो आणि काजीचे बोंडू चावून टाकून गेलो. तुम्ही हंय अर्धो मिलिमीटर मोजत बसलास.

कोर्टाची पायरी (कणकवली)

गाववाले, वानरावर छर्रा मारायचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसती मारण्यापुरती नाही. अनुसूचीतल्या प्राण्याला जखमी करणं हीसुद्धा शिकारच. आणि छर्ऱ्याने वानर मरत नाही, जखम पिकते, मग तो आठवडाभर त्याच बागेत कण्हत फिरतो.

दुसरं. भाच्याकडची रायफल बघून कुणाला मोह झाला असेल तर, आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ नुसार नळी ४.५ मिमीपेक्षा मोठी किंवा ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असली की परवाना लागतो. ०.५४ ग्रॅमचा साधा छर्रा सेकंदाला २७० मीटरने सुटला की २० जूल जवळपास संपलेच. भाचेसाहेबांचा छर्रा १ ग्रॅमचा धरला आणि वेग तोच, तर ऊर्जा साधारण ३६ जूल. इथे ते परवान्याचं हत्यार झालं. शेती संरक्षणाचा परवाना आहे म्हणून काहीही विकत घेता येईल असं समजू नका, परवान्यावर जे हत्यार लिहिलंय तेच.

गाववालो (वेंगुर्ला)

माझी ठासणीची बंदूक निवडणुकीक पोलीस ठाण्यात जमा करूक लागता, तेव्हा वांदरांका आचारसंहिता नसता. बरां, ऱ्हवला. फटाके लावतंय.

हापूसवाला (देवगड)

रेंजवरच्या ताईंनी माझीच बाजू मांडली आणि वर म्हणतात अर्धंच सांगतो! बोट म्हणजेच सवय, आणि सवय हत्यार लावतं. माझ्याकडे एकच छर्रा आहे हे माहीत असलं की माणूस श्वास धरतो. एकोणीस आणखी आहेत हे माहीत असलं की पहिली गोळी उधळतो.

टेक्ससचो झील

ताई, कप्प्याचा मुद्दा मान्य. म्हणून मी दोन गोळ्यांमध्ये तीन-चार सेकंद थांबतो. म्हणजे सेमी-ऑटोचा उपयोग काय, असं मामा विचारेल. उपयोग असा, की त्या तीन-चार सेकंदांत मी हलत नाही, दुर्बिणीतून बघत राहतो, मागची गोळी कुठे लागली ते दिसतं. आणि चाप धरून ठेवायला मला कुणी मनाई केलीय? सवय लावून घ्यायची आपल्या हातात असते. मामाने बैलगाडी चालवली म्हणून गाडी चालवताना तो हळू जातो असं नाही, मी त्याच्या शेजारी बसलोय.

खाडीकाठचा (दापोली)

तुम्ही सगळे कोरड्या हवेतलं बोलताय. ही रायफल कोकणात आणलीत तर पहिला शत्रू हवा.

हिशेब करा. जुलैत आपल्याकडे एका घनमीटर हवेत वीस-पंचवीस ग्रॅम पाणी असतं. ३०० मिलिलिटरची रिकामी टाकी २०० बारपर्यंत भरायची तर ६० लिटर हवा आत कोंबावी लागते. तिच्याबरोबर सव्वा ते दीड ग्रॅम पाणी. दाब वाढला की ते वाफ म्हणून राहत नाही, गळतं. हातपंपाला फिल्टर आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल नसेल तर हे पाणी पंपात, टाकीत, आणि शेवटी रेग्युलेटरच्या बारीक भोकाशी जातं. तिथे गंज किंवा कचरा बसला की ताई म्हणतात तो ठरलेला दाब गेला कामातून. एकेक छर्ऱ्याच्या रायफलीत निदान गोळी तरी सुटते. सेमी-ऑटोत तीच हवा यंत्रणाही फिरवते, तिथे गोळी अडकून बसते.

स्वीडनच्या एफएक्स कंपनीने एका सेमी-ऑटो एअर रायफलीला मान्सून असं नाव दिलं. एक मान्सून हर्णैला काढून दाखव म्हणावं.

माझ्याकडे साधी ४.५ ची पीसीपी आहे, एकेक छर्ऱ्याची. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करतो. (तवा वेगळा ठेवा, भाकरीचा नको.) छर्ऱ्यांच्या डब्याला झाकणाभोवती टेप. उघडा राहिला तर खाऱ्या हवेने शिशावर पांढरी पूड चढते, आणि तो छर्रा नळीत इतरांसारखा जात नाही. नळी बाहेरून पुसायला तेलाचा बोळा ठीक, पण हवेच्या भागात साधं मशीनचं तेल कधीच नाही. इतक्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. तिथे सिलिकॉनचंच.

आणि नळी रोज साफ करणाऱ्यांनो, थांबा. साफ केलेल्या नळीत पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. शिशाचा पातळ थर पुन्हा बसला की मगच ती ताळ्यावर येते. नेम बिघडला तरच साफ करा, आणि दोरी मागून पुढे ओढा. पुढचं तोंड घासलं गेलं की नळी संपली.

रेंजवरची (रत्नागिरी)

खाडीकाठच्या दादांनी वारा राहू दिला. उघड्यावर सराव करणाऱ्यांनी सकाळी लवकर करावा. मतलई वारे थांबून खारे वारे सुरू व्हायच्या मधे जो पडका वेळ असतो, तेवढाच आपला. दुपारी खारा वारा सुटला की ४५ मीटरवर छर्रा कुठे जाईल ते छर्ऱ्यालाही माहीत नसतं. तेव्हा मिळालेल्या कागदावरून बंदुकीला नावं ठेवू नयेत आणि डोकंही लावू नये.

भाऊ, दुर्बिणीचा पॅरलॅक्स तेवढा बघून घ्या. बंदूक टेकूवर ठेवा, हात न लावता डोकं थोडं डावीउजवीकडे हलवा. फुली निशाण्यावर सरकताना दिसली तर त्या अंतराला दुर्बीण जुळलेली नाही, आणि गाल किती का स्थिर असेना, चूक राहणार. बऱ्याच स्वस्त दुर्बिणी बंदुकीच्या लांब अंतराला जुळवलेल्या असतात, २०-३० मीटरला नाही.

हापूसवाला (देवगड)

मग झिला, आता कागदच लाव. पण अटी माझ्या. ४५ मीटर. दहा गोळ्या, पाच नाही, पाचांत कुणाचंही नशीब निघतं. सकाळची पहिली गोळी धरायची. एक कागद तू म्हणतोस तसा तीन-चार सेकंद थांबून, दुसरा त्या व्हिडिओसारखा फटाफट. शेजारी वेग मोजायचं यंत्र ठेवून सगळे आकडे टाक. आणि "ही एक माझ्या हातून गेली" म्हणून कुठलंही भोक वगळायचं नाही.

टेक्ससचो झील

मान्य. पण तुझ्या एकेक छर्ऱ्याच्या रायफलीनेही तेच दोन कागद. दुसरा कागद तुला जमेल तेवढा फटाफट, आणि किती वेळ लागला ते मामीने घड्याळ लावून सांगायचं, तू नाही. शनिवारी वारा पडला तर टाकतो.

गाववालो (वेंगुर्ला)

मामीक विचारलास काय?