मदत हवी आहे: गेमिंग पीसीसाठी लिक्विड कूलर १२० की २४०? आज ऑर्डर टाकायचीय

तिरपाखडा:
पीसी घरीच जोडतोय. बाकी सगळं ठरलंय, फक्त कूलरवर (प्रोसेसर पाण्याने थंड करणारा, १२० किंवा २४० एमएम रेडिएटरचा) गाडी अडलीय. यादी देतो:

प्रोसेसर: रायझन ५ ५६००जी
ग्राफिक कार्ड: आरएक्स ६५०० एक्सटी, ४ जीबी
रॅम: १६ जीबीची एक स्टिक, डीडीआर४ ३२००
स्टोरेज: २५६ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) + १ टीबी हार्ड डिस्क
एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा): ४५० वॉट, घरात आहे
कॅबिनेट: पुढून पूर्ण काच, आरजीबी पंख्यांसकट

बजेट म्हणजे ही यादी आणि कूलर मिळून जेवढे होतात तेवढेच. "थोडं वाढवा" कृपया नको. १२० चा पुरेल की २४० चाच घेऊ? लवकर सांगा.

पेचकस:
कूलर जरा बाजूला ठेवा. मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट किती? गेम कुठले? मदरबोर्ड यादीत नाहीच. आणि "घरात आहे" म्हणता त्या एसएमपीएसच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? एवढं कळल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

सळसळ:
हवेचा कूलरच घ्या. १२० एमएम पंख्याचा सिंगल टॉवर आणि चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या). लिक्विडचा पंप बंद पडला की सगळंच बंद, टॉवरचा पंखा गेला तर फक्त पंखा बदलायचा.

तिरपाखडा:
मदरबोर्ड आधीच घेतलाय म्हणून लिहिला नाही. बी४५० आहे, मायक्रो एटीएक्स, रॅमचे ४ स्लॉट. मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. गेम म्हणजे मुख्यतः व्हॅलोरंट, आणि सायबरपंक २०७७ खेळायचाय. स्टिकरवर +१२ व्होल्ट १८ ए. ५६००जी मुद्दाम घेतोय, ग्राफिक आतलंही आहे आणि बाहेरचंही, दोन्ही मिळून जास्त ताकद येईल ना?

पेचकस:
दोन्ही मिळून येत नाही. गेम एका वेळी एकाच ग्राफिकवर चालतो. बाहेरचं कार्ड लावलं की आतलं नुसतं बसून राहतं, पण त्याच्यापायी तुम्ही दोन गोष्टी गमावता. एक, कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी): ५६००जी मध्ये एल३ कॅश १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये हा फरक थेट एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्यात) दिसतो. दुसरं, ५६००जी पीसीआयई (ग्राफिक कार्ड जिथून जोडलं जातं ती वाट) ३.० वरच थांबतो. तुमचा बी४५० बोर्डही ३.० चाच, म्हणजे प्रोसेसर बदलून ही दुसरी अडचण जाणार नाही. म्हणून कार्ड बदलायला लागेल.

६५०० एक्सटीला जोडणीसाठी फक्त ४ लेन आहेत. स्लॉट लांबलचक १६ चा दिसतो, कार्डही पूर्ण बसतं, पण तारा चारच. पीसीआयई ४.० वर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात, ३.० वर निम्मे, म्हणजे ४. कार्डाची मेमरी पुरते तोवर कळतसुद्धा नाही. सायबरपंकचे टेक्श्चर ४ जीबीच्या बाहेर सांडले की कार्डाला ते रॅममधून त्या चार लेनवरून ओढावे लागतात. मग सरासरी एफपीएस ठीक दिसतो आणि गाडी वळवली की चित्र गचकन अडकतं. सेटिंग कमी करत बसाल आणि दोष कशाचा ते कळणार नाही. याच कार्डात व्हिडिओ एन्कोडरही नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगचा भार प्रोसेसरवर पडतो.

लिक्विड कूलर रद्द करा, काचेचं कॅबिनेट रद्द करा, ५६००जी ऐवजी ५६०० घ्या. सुटलेले पैसे आरएक्स ६६०० मध्ये घाला. ८ जीबी मेमरी, ८ लेन. ३.० वर ८ लेन म्हणजे तेवढीच ८ जीबीची वाट, आणि मेमरी दुप्पट असल्यामुळे त्या वाटेवर जायची वेळच कमी येते. ५६०० सोबत डब्यात येणारा रेथ स्टेल्थ कूलर पुरतो. हा प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॉट ओढतो, त्याला रेडिएटर कशाला?

अडगळ:
बी४५० विकून टाका आणि एएम५ वर (एएमडीच्या नव्या सॉकेटवर) जा. तुमच्या बोर्डाच्या एएम४ चा रस्ता संपलाय. ७५००एफ प्रोसेसर, बी६५० बोर्ड, डीडीआर५ घेतलं की पुढे नुसता प्रोसेसर बदलला तरी भागेल.

पेचकस:
@अडगळ, बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही नवे घेतले तर या बजेटात ग्राफिक कार्डाला काय उरणार? १०८०पी वर फ्रेम कार्डातून येतात, सॉकेटमधून नाही. आणि एएम४ वर अजून एक मोठी पायरी बाकी आहे: ५७००एक्स३डी, ८ कोअर आणि ९६ एमबी एल३. मिळाला तर याच बोर्डात बसतो.

अडगळ:
"मिळाला तर" यातच सगळं आलं. दोन वर्षांनी शोधत फिरावं लागेल, तेव्हा म्हणाल आधी ऐकायला हवं होतं.

तीनपत्री:
चार कोअरचा आय३-१२१००एफ सुद्धा व्हॅलोरंटला भरपूर आहे. एच६१० बोर्ड घ्या.

सळसळ:
@तीनपत्री त्यांच्याकडे बोर्ड आहे. आणि सायबरपंकच्या गर्दीच्या भागात चार कोअर शंभर टक्क्याला टेकतात. सरासरी नाही, सगळ्यात खालचे एफपीएस बघा.

उंडारू:
विंडोजच्या नादाला न लागता सरळ लिनक्स टाका. सायबरपंक प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) उत्तम चालतो.

सळसळ:
व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, त्याचा अँटी-चीट (फसवणूक पकडणारा प्रोग्राम) फक्त विंडोजवर आहे. विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी दोन्ही चालू लागतात. बी४५० वर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधला टीपीएम, एनेबल करा, सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करा, आणि विंडोज टाकताना ड्राइव्ह जीपीटी पद्धतीचा ठेवा. नंतर बदलायला गेलात तर मशीन बूटच होत नाही असं वाटून घाबराल.

पेचकस:
एसएमपीएसचं राहिलं. १८ ए गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट. डब्यावर ४५० असलं तरी प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जेवतात. ५६०० चे ७६ आणि ६६०० चे १३२ मिळून २०८. पंखे आणि बोर्ड अजून धरलेच नाहीत. कार्ड क्षणभर याच्याही वर उसळी मारतं, तेव्हा जोरात खेळ चालू असताना मशीन खटकन बंद पडेल. कार्डाला लागणारी ८ पिनची वायर त्यात आहे का?

तिरपाखडा:
नाही. मोलेक्स (जुनी ४ पिनची वायर) टू ८ पिन कन्व्हर्टर मिळतोय, तो चालेल ना? एसएमपीएस नवा घेतला तर बजेट फुटतंय.

पेचकस:
कन्व्हर्टर अजिबात नको. ८ पिनवरून १५० वॉटपर्यंत जाणं अपेक्षित असतं आणि स्वस्त कन्व्हर्टरच्या पातळ तारा जोडापाशी तापून प्लास्टिक वितळवतात. ५५० वॉटचा, मूळ ६+२ पिनची वायर असलेला घ्या. "८० प्लस ब्राँझ" म्हणजे फक्त वीज कमी वाया जाते, आत माल चांगला आहे असं नाही. १२ व्होल्टवर एकट्याने ४० ए च्या वर असावेत आणि वॉरंटी ५ वर्षांची असावी. पैसे जुळवायचे तर हार्ड डिस्क आणि २५६ दोन्ही सोडा, ५०० जीबी एनव्हीएमई एकच घ्या. सायबरपंक तसाही हार्ड डिस्कवर टाकायचा नाही.

तीनपत्री:
कार्ड सेकंडहँड घ्या, निम्म्यात काम होईल. विकणाऱ्यासमोर अर्धा तास लोड टेस्ट चालवा. तापमानाचे दोन आकडे बघा, साधं आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा). दोघांत २५-३० अंशांच्या वर फरक गेला तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला लेप) वाळलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. पडद्यावर ठिपके किंवा चौकोन चमकले तर मेमरी गेलीय, हात जोडून निघा.

अडगळ:
वॉरंटी नसलेलं कार्ड पहिल्यांदाच जोडणाऱ्याला सुचवू नका. चालू झालं नाही तर चूक जोडणीची की कार्डाची, हे त्याला कसं कळणार?

सळसळ:
रॅमवर कोणी बोललंच नाही! १६ ची एक स्टिक नको, ८ च्या दोन घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा) मिळेल. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पहिल्या-दुसऱ्यात शेजारीशेजारी लावल्या तर ड्युअल चॅनल मिळणार नाही.

पेचकस:
आणि शेवटचं, पण यावरच लोक अडकतात. बी४५० हा २०१८ चा, ५६०० आला २०२२ मध्ये. बायोस जुना असेल तर बोर्ड प्रोसेसर ओळखणार नाही. पंखे फिरतील, स्क्रीन काळी. बोर्डाच्या मागच्या बाजूला यूएसबीपाशी बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस नवा करायचं) बटण आहे का?

तिरपाखडा:
आहे, छोटं बटण आणि शेजारी लाइट. यादी बदलली: ५६००, ६६०० नवीनच, ८+८, ५०० एनव्हीएमई, ५५० वॉट, आणि पुढून जाळीचं कॅबिनेट. काही पैसे उरलेच. ऑर्डर टाकली.

पेचकस:
छान. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅट करा, बायोसची फाइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नेमक्या नावाने ठेवा. बोर्डाला २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन वायर लावा. पेनड्राइव्ह फ्लॅशबॅकच्याच पोर्टमध्ये, मग बटण तीन सेकंद दाबून सोडा. लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत मेनला हात लावू नका.

रेथ स्टेल्थ स्क्रूने बसतो. त्याआधी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढावे लागतात, आणि ते निघताच मागची प्लेट खाली पडते. एका हाताने ती धरून ठेवा. तळाला राखाडी पेस्ट लावलेली असते, तिला बोट लावू नका, वरून दुसरी पेस्टही घालू नका. चार स्क्रू समोरासमोरचे, दोन-दोन फेरे असे आलटूनपालटून.

मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डात लावा. ५६०० ला आतलं ग्राफिक नाही, बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच दिसणार नाही.

तिरपाखडा: *(आठ दिवसांनी)*
चालू झाला! १४४ हर्ट्झही सेट केला. पण टास्क मॅनेजरमध्ये रॅम २४०० दाखवतोय. ३२०० ची घेतली होती, फसवलं का मला?

सळसळ:
नाही, रॅम बरोबर आहे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. काही बोर्डांवर त्याच जागी डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी लिहिलेलं असतं. सेव्ह केल्यावर मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल, होऊ द्या. स्क्रीन आलीच नाही तर मेनची वायर काढा आणि बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवून परत लावा, सगळं मूळपदावर येतं. मात्र त्याने एफटीपीएम आणि सिक्युअर बूटही बंद होऊ शकतात, व्हॅलोरंट उघडण्याआधी तेवढं तपासा.