मदत हवी आहे: भाजीवाल्या मावशींचे पाय कुठे शोधू?
नमस्कार मंडळी. मंडईतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावरून लोक करोनाकाळात सांगितलेलं सहा फुटांचं अंतर पाळतात का, हे मोजायचा कॉलेजचा प्रोजेक्ट करतोय. माणसं ओळखायला योलो (चित्रातल्या प्रत्येक माणसाभोवती चौकट काढणारं मॉडेल), बाकी पायथन आणि ओपनसीव्ही (चित्रांवर काम करायची लायब्ररी). माणसं बरी सापडतात, घोळ अंतरात आहे.

आधी पिक्सेलमध्येच मोजत होतो, तर लांबचे सगळेच एकमेकांना चिकटलेले निघायचे. मग फरशीवर खडूने चार खुणा केल्या, टेपने मोजल्या आणि होमोग्राफी (तिरक्या चित्रातले बिंदू सपाट नकाशावर नेणारं गणित) लावून वरून पाहिल्यासारखा नकाशा काढला. चौकटीच्या खालच्या कडेचा मध्य म्हणजे पाय, असं धरतो. मोकळ्या जागेत झकास चालतं. पण गाळ्यामागच्या मावशींचे पाय दिसतच नाहीत. चौकट कमरेशी संपते आणि मावशी नकाशावर थेट मागच्या गल्लीत! समोर खेटून उभं असलेलं गिऱ्हाईक मात्र हिरवं, म्हणजे पुरेशा अंतरावर!

डोक्यापासून सरासरी उंची धरून पायांची जागा काढावी का? की पोझ ओळखणारं, म्हणजे शरीराचे सांधे शोधणारं मॉडेल लावू? लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, आत्ताच सेकंदाला जेमतेम दोन फ्रेम निघतात. शिवाय आई आणि तिच्या कडेवरचं पोर, दोघंही लाल (फार जवळ) होतात. त्यांना एक कसं धरायचं?