लूपमध्ये तयार केलेली तिन्ही फंक्शने शेवटचाच दर का लावतात?

काळी_माती
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि पायथनमधून फंक्शनल प्रोग्रामिंग शिकतो आहे. एका फंक्शनला दुसरे फंक्शन देणे, म्हणजे वजनांच्या यादीवर मॅप चालवून प्रत्येकाची मजुरी काढणे, मला जमते. अडचण फंक्शन तयार करून परत देण्यात आहे. सरावासाठी मी आईची कापूस वेचणीची वही घेतली. सीतादहीनंतरच्या (वेचणी सुरू करण्याआधी शेतात होणाऱ्या पूजेनंतरच्या) पहिल्या वेचणीला किलोमागे ८ रुपये, दुसरीला १० आणि झाडावर बोंडे विरळ झाल्यावर तिसरीला १२, असे दर तिने लिहून ठेवले आहेत. या दरांवर फॉर लूप फिरवून मी प्रत्येक फेरीत ‘किलो गुणिले दर’ असा लॅम्ब्डा (नाव न देता एका ओळीत लिहिलेले फंक्शन) तयार केला आणि तिन्ही एका यादीत ठेवले. ४२ किलोंना ३३६, ४२० आणि ५०४ अशी उत्तरे यायला हवीत. प्रत्यक्षात तिन्ही फंक्शने ५०४ देतात. लूपच्या आत दर छापून पाहिला, तर तो दर वेळी बरोबर दिसतो. मग चूक नेमकी कुठे आहे?

वर्धाकाठ
तुमचे गणित बरोबर आहे. लॅम्ब्डा काय लक्षात ठेवतो, याचा अंदाज चुकला आहे. तो ‘दर’ हे नाव लक्षात ठेवतो, त्या क्षणीची किंमत नाही. वजनकाट्याजवळ एक पाटी टांगली आहे आणि तिच्यावर खडूने दर लिहिला आहे, असे समजा. तुम्ही तीन माणसांना ‘हिशेब करताना पाटीवरचा दर बघा’ एवढेच सांगितले आणि दरम्यान पाटीवरचा ८ पुसून १० आणि १० पुसून १२ लिहिला. हिशेब सुरू झाला तेव्हा तिघांनाही पाटीवर १२ च दिसणार. छापून पाहताना मात्र तुम्ही पाटी पुसण्याआधी वाचत होता, म्हणून तिथे आकडा बरोबर दिसला.

उपाय असा, की प्रत्येकाच्या हातात दराची वेगळी चिठ्ठी द्यावी. ‘मजुरी_दराने’ नावाचे एक फंक्शन लिहा, जे दर घेते आणि आत ‘किलो गुणिले दर’ करणारे फंक्शन तयार करून तेच परत देते. हे बाहेरचे फंक्शन प्रत्येक वेळी बोलावले की त्या वेळेपुरता नवा ‘दर’ तयार होतो आणि आतले फंक्शन त्यालाच धरून राहते. यालाच क्लोजर म्हणतात. मग लूपमध्ये फक्त ‘मजुरी_दराने(दर)’ यादीत टाकत जा.

लॅम्ब्डाच्या कंसात ‘दर=दर’ लिहूनही काम भागते, पण मला ती पद्धत पटत नाही, कारण चुकून दुसरा आकडा दिला गेला तर कसलीही तक्रार न करता दर बदलतो आणि मजुराचा चुकारा चुकतो.

संत्राबाग
मी तालुक्याच्या महाविद्यालयात संगणक शिकवते आणि ही चूक दरवर्षी पाहते. जावास्क्रिप्टमध्ये लूपचा चल ‘व्हार’ने घोषित केला तर हेच घडते, २०१५ मध्ये आलेल्या ‘लेट’मुळे प्रत्येक फेरीला नवा चल मिळू लागला. हॅस्केल या फंक्शनल भाषेत एकदा दिलेली किंमत बदलतच नाही, म्हणजे पाटी पुसली जात नाही आणि हा प्रश्न उभाच राहत नाही. शिवाय तिथे प्रत्येक फंक्शन एका वेळी एकच गोष्ट घेते, त्यामुळे गुणाकाराला नुसता १० दिला तरी ‘दहाने गुणणारे फंक्शन’ हाती येते. ही कल्पना तर्कशास्त्रज्ञ शोनफिंकेल यांनी १९२४ मध्ये मांडली आणि पुढे हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला करिंग म्हणू लागले. वर सांगितलेले ‘मजुरी_दराने’ म्हणजे हाताने केलेले करिंगच आहे. तुम्ही स्वतःचा मॅपही एकदा लूप वापरून लिहून पाहा. फंक्शन ही आकड्यासारखीच हातात देता येणारी वस्तू आहे, हे त्याने जितके पटते तितके वाचून पटत नाही.

काळी_माती
भाऊ, ताई, मनापासून आभार. आता ३३६, ४२०, ५०४ अशीच उत्तरे येतात आणि मॅपही स्वतः लिहून पाहिला. दिवसाची एकूण मजुरी मी रिड्यूसने, म्हणजे यादीतले आकडे एकेक करून मिळवत जाणाऱ्या फंक्शनने काढतो. ज्या दिवशी पावसामुळे वेचणी झाली नाही, त्या दिवसाच्या रिकाम्या यादीवर मात्र टाइपएरर येतो.

वर्धाकाठ
रिकाम्या यादीत बेरीज सुरू करायला पहिला आकडाच नसतो, म्हणून तो अडतो. रिड्यूसला तिसरी गोष्ट म्हणून सुरुवातीची किंमत ० द्या. पावसाच्या दिवसाची मजुरी ० येईल आणि बाकी दिवसांच्या बेरजेत काहीच फरक पडणार नाही.