मदत हवी आहे: फोटोवरचा रंग नाण्याने खरवडला जावा, खालचा फोटो मात्र शाबूत राहावा

घाटावरचा
नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा गंगेच्या (म्हणजे आपल्या गोदावरीच्या) पुरांवर फोटोंचं छोटं प्रदर्शन लावायचं ठरलंय. फोटो सगळे कोरड्या दिवसांतले: नदीकाठची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती, नारोशंकराचं देऊळ, भांडी बाजार. त्यांच्यावर खालून वर गढूळ तपकिरी रंग चढवायचा, १९६९, २००८, २०१६, २०१९ अशा एकेका वर्षाचं पाणी म्हणून. बघणाऱ्याने हातात नाणं घ्यायचं आणि पाणी खरवडून खालचा घाट बाहेर काढायचा.

नाशिककरांना सांगायला नको, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की क्युसेकचे आकडे टीव्हीवाले सांगतात, आपण विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघे, कंबर, छाती, गळा. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूरच. ही मोजपट्टी लोकांच्या हातात द्यायची आहे, म्हणून नुसते फोटो टांगून भागणार नाही.

आता अडचण. फोटो लॅबमधून काढलेले, १२ बाय १८ इंची. इंटरनेटवर सगळीकडे सापडणारी कृती केली: दोन भाग अ‍ॅक्रिलिक रंग, एक भाग भांडी घासायचं लिक्विड, ब्रशने दोन हात. वाळल्यावर मारुतीच्या छातीवर रुपयाचं नाणं फिरवलं, तर एका जागी रंग दुधावरच्या सायीसारखा अखंड सोलून आला, आणि बोटभर बाजूला रंगाबरोबर शेंदरी मारुतीच निघाला, खाली पांढरा कागद. जिथे रंग टिकला तिथे शेंदरी रंग तपकिरीतून डोकावतोय, म्हणजे काही लपलंच नाही.

फोटोवर आधी काय लावायचं? रंगात काय घालायचं? शिवाय एकाच फोटोवर दोन वर्षांचं पाणी, एकाखाली एक, दाखवता येईल का?

खिळेजुळारी
तुमचा रंग बरोबर आहे, त्याच्याखाली काहीच नाही हा घोटाळा आहे. लॅबच्या फोटोवर चित्र असतं ते जिलेटिनच्या थरात. रंगातलं पाणी लागलं की जिलेटिन फुगून मऊ होतं, अ‍ॅक्रिलिक त्यात रुतून बसतं आणि खरवडताना चित्र घेऊनच निघतं. इंकजेट प्रिंट असती तर आणखी वाईट, तिथे कागद रंग सरळ पिऊन टाकतो.

लॉटरीची स्क्रॅच तिकिटं १९७४ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात निघाली, आपल्याकडे मोबाइलची रिचार्ज कार्डं आली. सगळ्यांचं तत्त्व एकच: छपाईवर गुळगुळीत पारदर्शक थर, आणि त्यावर मुद्दाम कच्चा बसणारा रंग. तेव्हा फोटोला ग्लॉसी लॅमिनेशन करून घ्या. मॅट अजिबात नको, रंग त्याच्या खरखरीत धरून बसतो आणि नाणं फिरलं की चकाकणारे चरे उमटतात. छोटा नमुना करायचा असेल तर पॅकिंगची पारदर्शक टेप पुरते, पण मोठ्या फोटोवर तिचे जोड दिसतात.

(नोटा छापणाऱ्या गावात हा प्रश्न धाग्यावर यावा, गंमत आहे.)

कर्कटक
शाळेत चित्रकलेच्या तासाला मेणखडू फासून वर काळा पोस्टर कलर द्यायचो आणि कर्कटकाने ओरखडून चित्र काढायचो, तेच हे. लॅमिनेशनवर पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने घासा, मग रंग. मेण जास्त झालं तर रंग थेंब थेंब होऊन पळतो, तेव्हा बेतानेच.

रंगाची सालीसारखी पट्टी निघते त्यावर उपाय: रंगात टाल्कम पावडर किंवा खडूची वस्त्रगाळ पूड घाला. रंगाची लवचिकता जाते, मग तो अखंड सोलून न निघता भुगा होऊन पडतो. किती घालायची ते लॅमिनेशनच्या तुकड्यावर बघा. पातळ हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या.

घाटावरचा
दोघांचेही आभार. खडूची पूड आजच करून बघतो. शेंदरी रंग लपवायचं काय? तपकिरीचे हात वाढवले तर थर जाड होणार, म्हणजे पुन्हा सालीसारखा सोलणार.

खिळेजुळारी
तपकिरीच्या खाली चंदेरी रंग द्या. त्यात अ‍ॅल्युमिनियमची बारीक पत्री असते, ती आडवी पसरून प्रकाश अडवते. पातळ हातातही खालचं दिसत नाही. स्क्रॅच कूपनांवर चंदेरी पट्टा असतो तो शोभेसाठी नव्हे. वरून तपकिरीचा एकच हात पुरेल. लिक्विड आणि पूड दोन्ही रंगांत घाला.

दोन वर्षांचं पाणी एकाखाली एक खरवडायला जाऊ नका, नाणं दोन्ही थर एका फटक्यात काढतं. कुणाचा हात किती जड, तुम्ही कसं ठरवणार? त्यापेक्षा वरच्या वर्षाचं पाणी पारदर्शक ओएचपी शीटवर (प्रोजेक्टरसाठी वापरतात त्या प्लास्टिकच्या शीटवर) रंगवा आणि शीट फोटोवर वरच्या कडेने चिकटवा. लोक आधी तिच्यावरचा रंग खरवडतील, मग शीट उचलून खालचं पाणी खरवडतील. शीटलाही चंदेरी हात हवाच.

वाड्यातली ताई
दादा, पावसाळ्याचं विसरू नका. लिक्विड हवेतला ओलावा ओढतं, भाद्रपदातल्या दमट हवेत रंग चिकट राहतो. आठवडाभर आधी रंगवून ठेवू नका, आदल्या दिवशी पंख्याखाली वाळवा. फोटो एकावर एक तर मुळीच रचू नका. आणि नाण्याऐवजी जुन्या प्लास्टिक कार्डाचे तुकडे द्या, लॅमिनेशनवर चरे कमी पडतात. खाली भुगा पडणार, त्यात चंदेरी पत्री आहे. पोरं तेच हात प्रसादाला लावतील. टेबलावर वर्तमानपत्र आणि शेजारी हात धुवायची सोय ठेवा.

घाटावरचा
हे डोक्यातच नव्हतं ताई, धन्यवाद. शेवटचं एक: स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून करून घेतलं तर हवी ती तपकिरी छटा मिळते, की चंदेरीच?

खिळेजुळारी
मिळते. तो आधी स्क्रॅचची चंदेरी शाई मारेल आणि तिच्यावर तुमची तपकिरी छापेल, कूपनांवर नक्षी छापतात तशी. मात्र प्रत्येक वर्षाच्या पाण्याची रेषा वेगळी, म्हणजे प्रत्येकाला वेगळी स्क्रीन. इतक्या थोड्या फोटोंना ते महागात जाईल. लॅमिनेशन बाहेरून करून घ्या, रंग घरीच लावा.